क्षुद्ररोग आणि महारोग : त्वचेवरील डागाच्या धास्तीचा ऐतिहासिक विचार

१

चेहऱ्यावर एखादे वांग उठावे, मुरमाने मागे एखादी खळगी ठेवावी किंवा गालावर फिकट ठिपका दिसू लागावा, आणि तेवढ्यावरून माणसाने अन्न, अभ्यास व माणसांत मिसळणे सोडावे, हे ऐकणाऱ्यास अतिशयोक्तीचे वाटते. परंतु ज्याला ही व्यथा जडली आहे त्याचा दिवस खरोखरच त्या ठिपक्याभोवती फिरत असतो. तो वारंवार आरसा पाहतो, किंवा आरसाच टाळतो. उजेडाकडे पाठ करून बसतो. नखाने त्वचा कुरतडून ती ‘साफ’ करू पाहतो आणि नसलेली जखम निर्माण करतो. ‘डाग दिसतो का?’ असे घरच्यांना विचारतो आणि ‘दिसत नाही’ हे उत्तर मिळूनही त्याचे समाधान होत नाही. इतरांच्या दृष्टीस जे पडत नाही किंवा क्वचितच पडते, तेच त्याला आपल्या चेहऱ्याचे एकमेव लक्षण वाटते.

ह्या व्यथेचे निदान व उपचार हा वैद्यांचा प्रांत होय. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. त्वचेवरील लहान डागाला एवढे मोठे सामर्थ्य आले कोठून? मनुष्याच्या देहावर दोष अनेक असतात. आखूड बोटे किंवा वाकडा गुडघा ह्यांनी क्वचितच कोणाचे आयुष्य झाकोळते. डागालाच ही सत्ता का मिळावी?

आमच्या मते ह्याचे उत्तर ‘क्षुद्ररोग’ आणि ‘महारोग’ ह्या दोन शब्दांच्या इतिहासात दडलेले आहे. प्राचीन वैद्यकाने चेहऱ्यावरील लहानसहान डागांना क्षुद्ररोगांत स्थान देऊन त्यांचे लहानपण मान्य केले होते. महारोगाची धास्ती ही वेगळी गोष्ट होती. शब्द, विवाह आणि कायदा ह्या तिन्ही व्यवहारांत ह्या दोहोंमधील सीमा पुसट होत गेली आणि मोठ्या रोगाची धास्ती लहान डागावर येऊन बसली. विसाव्या शतकात महारोग बरा होऊ लागला. मात्र त्वचा तपासणारी संशयी दृष्टी मागे राहिली, आणि आज पुष्कळांनी ती स्वतःकडेच वळविली आहे. ह्या विधानाची पुढे क्रमाने छाननी करू.

२

प्रथम वैद्यकग्रंथांकडे वळू. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तेविसावे व चोविसावे सूक्त ‘किलास’ म्हणजे त्वचेवरील पांढरे डाग नाहीसे व्हावेत ह्यासाठी आहे. काळ्या, रंग देणाऱ्या वनस्पतीला तेथे आवाहन केले असून तिने फिकट त्वचेला पूर्वीचा वर्ण द्यावा अशी प्रार्थना केली आहे. डागाविषयीची चिंता किती जुनी आहे ह्याचा हा पुरावा होय. मात्र येथे डाग हा घालवावयाचा आहे, डाग असलेल्या माणसाला घालवावयाचे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेरावा अध्याय क्षुद्ररोगांचा आहे. त्यात चव्वेचाळीस रोग सांगितले आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात छत्तीस दिले आहेत. आजचा तरुण ज्यांच्या पायी झोप गमावतो ते जवळजवळ सर्व डाग ह्या यादीत सापडतात. मुखदूषिका म्हणजे तारुण्यपीटिका, व्यंग म्हणजे वांग, न्यच्छ, नीलिका, तिलकालक म्हणजे तीळ, मषक म्हणजे मस, जतुमणी म्हणजे जन्मखूण. ‘क्षुद्र’ ह्या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी अल्प कारणांचा, अल्प लक्षणांचा आणि अल्प उपचारांचा रोग असा लावला आहे. अर्थात यादीतील प्रत्येक रोग किरकोळ आहे असे नव्हे. अग्निरोहिणीसारखा प्राणघातक विकारही तीत आहे. परंतु मुखावरील डागांपुरते पाहिल्यास ग्रंथकारांचा स्वर शांत आहे. लोध्र, धणे व वेखंड ह्यांचा लेप, मंजिष्ठा मधात उगाळून लावणे, प्रसंगी रक्तमोक्षण, एवढे सांगून ते पुढे जातात.

व्यंगाच्या निदानात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळते. सुश्रुताने त्याचे कारण क्रोध व आयास असे दिले असून वाग्भटाने शोकाचाही उल्लेख केला आहे. मनाचा क्षोभ त्वचेवर उमटतो, हे ह्या वैद्यांना ठाऊक होते. त्वचेवरील ठिपका मनाला उलट ग्रासू शकतो, ही दुसरी बाजू मात्र त्यांनी स्वतंत्रपणे मांडलेली दिसत नाही.

ह्याउलट कुष्ठाचे प्रकरण गंभीर आहे. चरक व सुश्रुत दोघांनीही कुष्ठाचे अठरा प्रकार मानले असून त्यांतील सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे होत. म्हणजे कुष्ठ ह्या एकाच नावाखाली बोटे झडविणारा दारुण रोगही होता आणि नायटा, खरूज ह्यांसारखे बरे होणारे विकारही होते. महान व क्षुद्र ह्यांच्या सीमेविषयी आचार्यांतही एकवाक्यता नव्हती. सिध्माला चरक महाकुष्ठांत घालतो, तर सुश्रुत क्षुद्रकुष्ठांत. दद्रूची गोष्ट नेमकी उलट आहे. श्वित्र म्हणजे पांढऱ्या डागांचा विचारही कुष्ठाच्याच अध्यायात शेवटी केलेला आहे. वैद्याच्या दृष्टीने ही वर्गीकरणाची सोय होती. समाजाच्या हाती पडल्यावर तिचे परिणाम वेगळे झाले.

३

शब्दांचा पुढील प्रवास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. संस्कृत ‘कुष्ठ’ शब्दापासून प्राकृतात ‘कोढ’ झाला. हिंदीत कोढ म्हणजे महारोग. मराठीत त्याच मुळापासून आलेला ‘कोड’ हा शब्द मात्र पांढऱ्या डागांना लागला. पांढरे डाग हा संसर्गजन्य विकार नव्हे; त्याने बोटे झडत नाहीत की संवेदना नष्ट होत नाही; त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या त्या जागी नाहीशा होतात इतकेच. तरीही मराठी माणसाने त्याला जे नाव दिले ते कुष्ठाचे. एकाच शब्दाने दोन भाषांत दोन वेगळे रोग दाखवावेत, ह्यावरून ह्या रोगांची सरमिसळ किती खोलवर गेली होती ते दिसून येते. महारोगाला मराठीत ‘रक्तपिती’ असेही म्हणतात. संस्कृत वैद्यकातील रक्तपित्त हा तर रक्तस्रावाचा, सर्वस्वी निराळा विकार आहे. तात्पर्य, त्वचेच्या बाबतीत आपली लोकभाषा भीतीने शब्द वापरीत आली.

अशी सरमिसळ केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात त्वचेवरील डाग याजकाने कसा तपासावा ह्याचे विस्तृत नियम आहेत. डाग संशयास्पद असल्यास माणसाला सात दिवस कोंडून ठेवावे, पुन्हा पाहावे, मग शुद्ध की अशुद्ध ते ठरवावे. तेथील ‘सारात’ ह्या हिब्रू शब्दाने नाना प्रकारचे डाग सूचित होतात. कापडावरील व भिंतीवरील डागांनाही तोच शब्द आहे. ग्रीक भाषांतरात त्याला ‘लेप्रा’ हा प्रतिशब्द मिळाला, आणि पुढे लेप्रा म्हणजे महारोग असे समीकरण रूढ झाल्यावर त्या सर्व डागांवर महारोगाची छाया पडली. विशेष म्हणजे त्याच अध्यायात ‘बोहक’ नावाच्या निरुपद्रवी फिकट डागाला शुद्ध ठरविलेले आहे. अरबी वैद्यकातील ‘बहक’ हा शब्द त्याचाच सगोत्र होय.

हा अरबी धागा नांदेडच्या वाचकास परका वाटू नये. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात युनानी वैद्यकाला मोठी प्रतिष्ठा होती. युनानी परंपरेत महारोग ‘जुजाम’, पांढरे डाग ‘बरस’ आणि वरवरचा फिकट डाग ‘बहक’ अशी तीन निराळी नावे आहेत. एकाच गावात वैद्य व हकीम असताना भेद दाखविणारे शब्द उपलब्ध होते. लोकांच्या तोंडी मात्र भेदाचे शब्द राहिले नाहीत, भयाचे राहिले.

४

भयाला व्यवहारात उतरविले ते विवाहाने. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी वर्ज्य अशा दहा कुलांची गणना आहे. तीत श्वित्री व कुष्ठी अशी दोन्ही कुले येतात. येथे ‘कुल’ हा शब्द निर्णायक आहे. डाग एकाच्या अंगावर असतो, परंतु बाध सर्व घराला येतो. अकराव्या अध्यायात तर दुष्ट त्वचा हे गुरुपत्नीगमनाच्या पातकाचे चिन्ह म्हणून सांगितले आहे. अशा रीतीने डागाला दोन अर्थ आले : तो कुळातील दोषाची सूचना झाला आणि पूर्वजन्मीच्या पापाची खूणही झाला. मग डाग असलेला माणूस रोगी न राहता आरोपी झाला, आणि त्याला पाहणारा प्रत्येक जण साक्षीदार झाला.

पुराणकथांनी ह्यातून वाट काढण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. कृष्णपुत्र सांब शापाने कुष्ठी झाला आणि सूर्योपासनेने बरा झाला अशी कथा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या लोककथेत जमदग्नीच्या शापाने रेणुकेलाच त्वचारोग जडतो, आणि जोग्यांनी सांगितलेल्या स्नानाने व हळदीने तो जातो. तीच रेणुका नांदेड जिल्ह्यात माहूरच्या गडावर पूजिली जाते. देवतेच्याही अंगावर डाग येऊ शकतो आणि तरी ती वंद्य राहते, हा ह्या कथेचा आशय उदार आहे. तथापि तीतही डाग शापानेच येतो, हे विसरता येत नाही. काव्याने मात्र वेगळी भूमिका घेतली. चंद्रावरील कलंक त्याची शोभा वाढवितो, हा विचार कालिदासाने शाकुंतलात मांडला आणि तो संस्कृत रसिकांना प्रिय झाला. दुर्दैवाने मुलगी पाहावयास आलेली मंडळी कालिदासाच्या दृष्टीने पाहत नसत.

‘मुलगी पाहणे’ ह्या आपल्या जुन्या रिवाजाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावयास हवे. तीत उभे राहणे, चालणे, बोलणे ह्यांची परीक्षा होई, तशीच त्वचेचीही होई. हातावर किंवा मानेवर पांढरा ठिपका नाही ना, हे बायका नजरेने हेरीत. ठिपका असल्यास तिच्या धाकट्या बहिणींची लग्नेही अडत, म्हणून तो झाकला जाई. आणि झाकला जाई म्हणून संशय वाढे. ज्या घरांत हे घडले तेथील मुलींना आपल्या अंगावरील प्रत्येक नव्या खुणेकडे भीतीने पाहण्याची सवय लागली असल्यास नवल नाही. कायद्यानेही ह्या दृष्टीला दीर्घकाळ आधार दिला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात असाध्य व उग्र स्वरूपाचा महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून समाविष्ट होते. ते २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. म्हणजे महारोगावर खात्रीचा उपचार उपलब्ध झाल्यानंतरही कित्येक वर्षे ती तरतूद कायम होती.

५

महारोगाच्या धास्तीला आधुनिक रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नॉर्वेमधील बर्गन येथे हान्सेनने १८७३ साली ह्या रोगाचा जंतू शोधून काढला. त्याच सुमारास मुंबईतील डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा नॉर्वेला जाऊन तेथील रुग्णालये पाहून आला. ग्रे ह्याच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथातील चित्रे ह्याचीच. १८८९ साली हवाई बेटांत रुग्णांची सेवा करणारा फादर डेमियन ह्याच रोगाने मरण पावला, तेव्हा सर्व ब्रिटिश साम्राज्यात खळबळ उडाली. १८९० साली मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ ह्याच्या पुढाकाराने माटुंग्यास निराधार महारोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. १८९०–९१ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या चौकशी मंडळाने रोगाची संसर्गजन्यता अल्प असल्याचा निर्वाळा दिला, तरीही १८९८ साली महारोग्यांविषयीचा कायदा झाला आणि त्यान्वये भीक मागून जगणाऱ्या रुग्णास पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार मिळाला. शास्त्र एक सांगत होते आणि भय दुसरे. कायद्याने भयाचे ऐकले. हा कायदा २०१६ साली रद्द झाला.

निजामाच्या राज्यात ह्या कार्याचा आरंभ मिशनऱ्यांनी केला. नांदेडहून निजामाबादमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर डिचपल्ली हे गाव लागते. तेथे स्कॉटलंडच्या डॉ. इझाबेल केर व त्यांचे पती जॉर्ज केर ह्यांनी १९१५ साली महारोग्यांसाठी रुग्णालय उभारले. कडू कवठाच्या जातीच्या झाडाचे तेल टोचणे हा त्या काळचा मुख्य उपचार होता. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली, आणि १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाल्यावर रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने गाठले. नवे रुग्ण अद्यापि आढळतात. परंतु वेळेवर उपचार झाल्यास अपंगत्व येण्याचे कारण उरलेले नाही.

ह्या इतिहासात वरोऱ्याच्या बाबा आमटे ह्यांचा अनुभव आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना मैला वाहण्याचे काम त्यांनी स्वतः केले. अशा वेळी पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा, रोगाने हातपाय झडलेला माणूस त्यांच्या दृष्टीस पडला. कशालाही न भिणारा तरुण म्हणून ज्यांची ख्याती होती ते आमटे त्या दर्शनाने घाबरून घरी परतले. पुढे त्यांनी ह्या भयाचाच विचार केला, परत जाऊन त्या माणसाची सेवा केली, आणि १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून १९५१ मध्ये आनंदवन उभे केले. त्याआधी मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली अमरावतीस तपोवनात असे कार्य सुरू केले होते. आमटे ह्यांच्या हकीकतीचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी भयाची कबुली दिली. रोग जडण्यापूर्वीच रोगाची धास्ती माणसाला जडू शकते आणि तिच्यावर वेगळा इलाज करावा लागतो, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखविले.

ह्याच काळात आरोग्यप्रचाराने लोकांना एक नवी गोष्ट शिकविली : अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे काय ते स्वतः पाहावे. हा सल्ला योग्यच होता व आहे, आणि त्याने पुष्कळांचे हातपाय वाचले. परंतु त्यातील ‘बधिर’ हा शब्द निसटला आणि ‘चट्टा’ तेवढा राहिला, तर साध्या शिब्यानेही घर हादरावे ह्यात आश्चर्य नाही.

६

येथे एक प्रतिपक्ष विचारात घेणे आवश्यक आहे. डागाची धास्ती जर इतकी जुनी, तर देवीच्या वणांचे काय? गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत देवीचे वण असलेले चेहरे गावोगाव दिसत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला देशातील पहिली यशस्वी गोस्तनी लस टोचली गेली. पण रोगाचे उच्चाटन व्हावयास १९७५ साल उजाडले. एवढ्या काळात त्या वणांमुळे लग्ने अडली असतील, दुःखही झाले असेल. तथापि तो डाग कशाचा आहे हे सर्वांस ठाऊक होते. तो देवीच्या प्रकोपाचा होता, कुळाचा नव्हता. आणि तो इतक्यांच्या चेहऱ्यांवर होता की, त्याने माणूस एकटा पडत नसे. ज्या डागाला सर्वमान्य कथा आहे आणि ज्याचे भागीदार पुष्कळ आहेत, तो डाग सोसणे सोपे जाते. ज्याची कथा संशयाची आहे व जो आपल्या एकट्यापाशीच आहे असे वाटते, तो लहान असूनही सोसवत नाही. देवी गेली हे मानवजातीचे भाग्यच. पण तिच्याबरोबर वणांचे चेहरेही दिसेनासे झाले आणि स्वच्छ, निर्व्रण चेहरा हाच सामान्य चेहरा होय अशी समजूत दृढ होण्यास वाव मिळाला, असे अनुमान करावयास हरकत नसावी.

ह्या समजुतीला बाजाराने खतपाणी घातले. मुंबईतील व्यापारी इब्राहिम सुलतानअली पाटणवाला ह्यांचे ‘अफगाण स्नो’ १९१९ साली बाजारात आले आणि मध्यमवर्गीय घरांत आरशाशेजारी बरणी येऊन बसली. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ निघाले. २०२० साली त्याच्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून टाकण्यात आला. येथवर हानी मुख्यतः मनाची होती. पुढे मात्र स्टिरॉइडयुक्त मलमे चेहरा उजळविण्यासाठी विनाचिठ्ठी विकली जाऊ लागली. देशातील बारा केंद्रांतून केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे चेहऱ्यावर लावीत असल्याचे आढळले. ह्या मलमांनी त्वचा पातळ होते, लाल होते, मुरूम वाढतात, आणि मलम सोडताच दाह होतो म्हणून ते सोडवत नाही. म्हणजे नसलेला डाग घालविण्याच्या खटपटीत खरा डाग उत्पन्न होतो. २०१८ साली शासनाने अशा मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीवर निर्बंध घातला.

७

पाश्चात्य मानसवैद्यकाने ह्या व्यथेला नाव दिले ते १८९१ साली. इटलीतील एन्रिको मोर्सेली ह्याने तिला ‘डिस्मॉर्फोफोबिया’ म्हटले. नावातील ग्रीक शब्द हिरोडोटसच्या एका कथेतही येतो : स्पार्टामधील एका कुरूप बालिकेला तिची दाई रोज हेलनच्या देवळात नेऊन सौंदर्य मागत असे. १८९८ साली फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ लुई ब्रोक ह्याने मुरमे कुरतडून चेहरा विद्रूप करून घेणाऱ्या तरुणींचे वर्णन केले, तर १९०३ साली प्येर जाने ह्याने देहाविषयीच्या लज्जेच्या ध्यासाची चर्चा केली. जानेने लज्जा हा शब्द योजला, हे अर्थपूर्ण आहे. ह्या व्यथेच्या मुळाशी सौंदर्याची हाव नसून उघडे पडण्याची भीती असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली तिला प्रवेश मिळाला, १९८७ साली ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ हे नाव मिळाले, आणि २०१३ साली ती ध्यास-कृतिविकारांच्या गटात गेली. त्वचा कुरतडण्याचा विकारही त्याच गटात स्वतंत्रपणे नोंदविला गेला. सामान्य लोकसंख्येत शंभरांत सुमारे दोघांना ही व्यथा असते, आणि त्वचा हे तिचे एक मुख्य लक्ष्य असते. अशा रुग्णांत आत्मघाताचे विचार वारंवार आढळतात. म्हणून ती थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हे. त्वचेवरील उपचारांनी ह्या रुग्णांचे समाधान क्वचितच होते. विचार व वर्तन ह्यांना वळण लावणारी मानसोपचारपद्धती आणि ध्यास कमी करणारी औषधे ह्यांनी मात्र बऱ्याच जणांना गुण येतो.

ही व्यथा जगभर आढळते, तेव्हा ती आपल्याच इतिहासाने निर्माण केली असे म्हणणे चुकीचे ठरेल. प्रवृत्ती मनुष्यमात्राची असते. परंतु तिला भाषा व विषय पुरवितो तो त्या त्या समाजाचा इतिहास. लेवीय ग्रंथात डाग तपासणारा याजक होता, मनुस्मृतीच्या समाजात वधू-वरांची मंडळी होती, १८९८ च्या कायद्यात सरकारी अधिकारी होता. आरशापुढे उभा असलेला आजचा तरुण हा एकाच वेळी याजक, वरपक्ष, अधिकारी आणि आरोपी असतो. निवाडाही तोच देतो, आणि तो सदैव आपल्याविरुद्धच देतो.

८

पांढऱ्या डागांच्या बाबतीत महाराष्ट्रात गेल्या पाव शतकात एक वेगळा प्रयत्न झाला आहे. स्वतःच्या अंगावर असे डाग असलेल्या पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे ह्यांनी ‘श्वेता’ ही संस्था काढून अशा व्यक्तींना एकत्र आणले, आणि ‘कोड’ ह्या शब्दाऐवजी ‘पांढरे डाग’ म्हणावे असा आग्रह धरला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा २००६ मधील ‘नितळ’ हा चित्रपट ह्याच विषयावर आहे. शब्द बदलण्याचा हा आग्रह वरवरचा नाही. कुष्ठापासून आलेले नाव बाजूस सारून रंग सांगणारे साधे नाव घेणे, ही दोन हजार वर्षांच्या सरमिसळीची उलट दिशेने केलेली दुरुस्ती होय.

विष्णुपुरीस गोदावरीच्या काठी विद्यापीठ आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली ह्या जिल्ह्यांतून येथे येणारी मुले-मुली नेमकी त्या वयाची असतात की ज्या वयात ही व्यथा बहुधा सुरू होते. त्यांतील एखादा वर्गात शेवटच्या बाकावर तोंडाला रुमाल बांधून बसतो, छायाचित्र काढण्याच्या दिवशी गैरहजर राहतो, परीक्षेपेक्षा गालावरील ठिपक्याला अधिक भितो. त्याला ‘काही दिसत नाही, उगीच मनाचे खेळ’ असे सांगून भागत नाही. कारण मनाचे खेळ हेच तर त्याचे दुखणे असते. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडून एकदा खात्री आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून दीर्घ साहाय्य हवे असते. शिक्षकाने एवढे जरी ओळखले तरी पुष्कळ झाले.

इतिहासाचा अभ्यासक ह्यात एकच भर घालू शकतो. परीक्षेच्या व नोकरीच्या अर्जांत ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना असे व काही ठिकाणी अजूनही असतो. तेथे उमेदवार उजव्या गालावरील तीळ किंवा कपाळावरील वण निःसंकोचपणे लिहितो. तोच तीळ, तोच वण. पण त्या रकान्यात तो दोष नसतो, पाप नसते, कुळाचा कलंक नसतो. तो माणूस ओळखण्याचे साधन असतो. सुश्रुताने ज्याला क्षुद्र म्हटले ते क्षुद्रच होते. त्याला महान करण्याचे काम आपल्या भयाने केले, आणि भयाने केलेले ते काम जाणीवपूर्वक मोडता येते.